खारे पाणी महागले तेव्हा: मानसोल्लासापासून सिद्धेश्वर जलाशयापर्यंत गळ, जाळे आणि कायद्याचा प्रवास

नरसी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातील गाव कयाधू नदीच्या काठी वसले आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते ओळखले जाते. नदीचे नाव पुराणातील प्रल्हादाच्या मातेचे. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही मुंबईच्या धक्क्यावर डिझेल महाग झाले, किंवा मंत्रालयातून जाळ्याच्या आसाविषयी नवा आदेश निघाला, की त्याचे पडसाद या टापूतील जलाशयांपर्यंत पोहोचतात. ते कसे पोहोचतात, हा या लेखमालेतील आजचा विषय.

जगभर सध्या एक वाक्य वारंवार ऐकू येते: समुद्रातील मासेमारी परवडत नाही, नियमही जाचक झाले, म्हणून लोक गोड्या पाण्याकडे वळत आहेत. अमेरिका आणि युरोपातील हौशी गळकऱ्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. महाराष्ट्रात मात्र ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तो समजण्यासाठी सुमारे नऊशे वर्षे मागे जावे लागते.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश आहे. त्याचा काळ इ. स. ११२९–३० च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातील. मराठवाड्याच्या सीमेला लागूनच. राज्यकारभार, रत्नपरीक्षा, पाकशास्त्र, संगीत असे असंख्य विषय हाताळणाऱ्या या ग्रंथात राजाच्या करमणुकींचा मोठा विभाग आहे आणि त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. मत्स्यविनोद म्हणजे गळ टाकून मासे धरण्याची क्रीडा. पोटासाठी नव्हे, मनोरंजनासाठी.

हे प्रकरण वाचताना आश्चर्य वाटते ते त्यातील शिस्तीचे. सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नोंद त्यात आहे. समुद्रातील आणि नदीतील, खवले असलेले आणि नसलेले, मोठे आणि लहान, असे त्यांचे वर्गीकरण केलेले आहे. कोणता मासा काय खातो, त्याला आधी काय चारून एका जागी आणावे, काठी कशी असावी, दोरा कशाचा असावा, आमिषाचे गोळे कसे वळावेत, हे सारे सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा कुठे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष त्याकडे गेले. भारतात गळाचा शौक साहेबाने आणला, असे आजही सर्रास सांगितले जाते. मानसोल्लास त्या समजुतीला पुरेसे उत्तर आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सोमेश्वराच्या राजधानीपासून समुद्र दूर होता. राजाचा हा विनोद जलाशयाच्या काठावरचा होता. दख्खनच्या पठारावर गळ हा मुळातच गोड्या पाण्याचा राहिला; येथील हौशी माणसाला समुद्र सोडून नदीकडे वळावे लागलेच नाही. समुद्र हा पोटार्थी माणसाचा होता: डोलकराचा, रापणकाराचा, होडीवाल्याचा. हौस आणि उपजीविका यांच्यातील ही फारकत पुढील सगळ्या इतिहासात दिसत राहते.

आता एकोणिसावे शतक. पेशवाई संपल्यावर कर्नल विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याची मुंबई सरकारने दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर नेमणूक केली. १८२४ ते १८३१ या काळात त्याने जमीन, पिके, लोकसंख्या यांबरोबर पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदले. १८३९ च्या सुमारास त्याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्याने नव्या जातींना जी शास्त्रीय नावे दिली, त्यांतील अनेक थेट मराठी आहेत. दख्खनच्या महसीर माशाला त्याने ‘खुड्री’ हे नाव दिले, दुसऱ्या एका माशाला ‘कोलस’, तर मांजऱ्या जातीच्या एका छोट्या माशाला ‘इचकीआ’. नदीकाठच्या कोळी-भोयांच्या तोंडून ऐकलेले शब्द लॅटिन वेषात जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले. ज्यांनी ती नावे सांगितली, त्यांतील एकाचीही ओळख नोंदीत उरली नाही.

साइक्सनंतरच्या पिढीतील साहेब मासे मोजण्यापेक्षा धरण्यात अधिक रमला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि हिंदुस्थानातील गोऱ्या गळकऱ्यांना जणू बायबलच मिळाले. टॉमसचा दुसरा आग्रह कायद्याचा होता. नद्यांतील मासे झपाट्याने कमी होत आहेत आणि त्याला स्थानिक लोकांच्या विध्वंसक पद्धती कारणीभूत आहेत, असे त्याचे म्हणणे. लहान आसाची जाळी, ओढ्याला घातलेले बांध, विषारी वनस्पतींचा रस आणि नव्याने हाती आलेला सुरुंग, या सगळ्यांवर बंदी हवी, अशी त्याची भूमिका होती. त्याच सुमारास फ्रान्सिस डे यानेही गोड्या पाण्यातील मासेमारीचा अहवाल सरकारला सादर केला होता.

अखेर १८९७ साली भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम आला. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरले. जाळ्याचा आस, स्थिर सापळे आणि बंदीचा काळ ठरविण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाले. सुरुंगावरील बंदीविरुद्ध आजही कोणी शहाणा माणूस बोलणार नाही. परंतु या कायद्याची नजर कुठून कुठे होती, हे पाहण्यासारखे आहे. काठी घेऊन बसलेला अधिकारी म्हणजे ‘खिलाडू’ आणि सापळा लावणारा भोई म्हणजे ‘चोरटा शिकारी’, ही विभागणी त्या काळच्या लेखनात पानोपानी आढळते. भोयाने महिनाभरात नेलेले मासे मोजले गेले; साहेबाच्या सुट्टीतील मासे अभिमानाने छायाचित्रात आले.

थोडक्यात, भारतात मासेमारीचे आधुनिक नियम प्रथम गोड्या पाण्यासाठी आले. समुद्राची पाळी यायला आणखी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे लागली.

मुंबईच्या हौशी गळकऱ्यांचा इतिहास याच वळणावर सुरू होतो. पवई तलाव १८९० च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी बांधला गेला. त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. पण गळाला योग्य ठरले. तेथे गळकऱ्यांची संघटना रुजली, स्वातंत्र्यानंतर ती महाराष्ट्राच्या नावाने चालू राहिली. लोणावळ्याजवळ टाटांनी जलविद्युतसाठी बांधलेले जलाशय हे दुसरे ठिकाण. १९७० च्या दशकात तेथेच महसीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम उभे राहिले. साइक्सची ‘खुड्री’ नद्यांतून नाहीशी होत होती, तेव्हा तिची लाखो पिले वळवणच्या केंद्रात वाढवून देशभर पाठविली गेली. विजेसाठी अडविलेल्या पाण्याने एका माशाला आधार दिला. अशाच अडविलेल्या पाण्याने इतरत्र त्याच माशाचे चढणीचे मार्ग बंद केले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता किनाऱ्याकडे वळू.

महाराष्ट्राला परंपरेने ७२० किलोमीटर लांबीचा किनारा मोजला जातो. स्वातंत्र्याच्या वेळी येथील मासेमारी शिडाच्या होड्या, सुती आणि तागाची जाळी, डोल, रापण, पाग यांवर चाले. नियम होते, पण ते सरकारी कागदावर नव्हते. डोलजाळ्याचे खुंट कोणी कुठे रोवायचे, त्या जागा, म्हणजे ‘कव’, गावागावांत ठरलेल्या असत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात लोटल्या जात. हा सण होताच, पण माशांच्या विणीच्या हंगामात समुद्राला दिलेली ती सुट्टीही होती. खवळलेल्या दर्यात शीड घेऊन जाणे शक्य नव्हते, हे तिचे दुसरे, अधिक रोखठोक कारण.

१९५० नंतर इंजिने आली, १९६० च्या दशकात नायलॉनची जाळी आली, मग ट्रॉलर आले. सहकारी संस्थांमार्फत कर्जे मिळाली. कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याला सोन्याचे दिवस आले. ज्यांच्याकडे इंजिन नव्हते, त्यांची जाळी ट्रॉलरखाली फाटू लागली. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले; केरळ आणि तामिळनाडूतही समुद्रात संघर्ष झाले. केंद्राने मजुमदार समिती नेमली, नमुना विधेयक तयार केले, आणि राज्यांनी एकामागून एक कायदे केले. केरळ आणि गोवा १९८० साली, महाराष्ट्र १९८१ साली. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने किनाऱ्यालगतचे पाणी लहान मासेमारांसाठी राखले आणि यांत्रिक ट्रॉलरला ठरावीक वाव खोलीच्या आत येण्यास मनाई केली.

म्हणजे समुद्रातील पहिला मोठा कायदा लहान मासेमारांच्या मागणीतून आला. आज ‘नियमांनी मासेमाराला समुद्रातून हुसकावले’ असे सरसकट म्हटले जाते, तेव्हा हा तपशील सोयीस्करपणे गळतो.

पुढची चाळीस वर्षे कायदा आणि जाळे यांच्या शर्यतीची आहेत. पर्ससीन जाळे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि बटव्याच्या नाडीसारखी खालची दोरी आवळून थवा उचलते. बांगडा आणि तारलीच्या थव्यांवर ते फार प्रभावी ठरले. पारंपरिक मासेमारांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा डॉ. सोमवंशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला: पर्ससीनसाठी सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ वर आणणे. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली. २०२१ साली राज्याने १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिले. २०२३ साली चंदेरी पापलेट राज्यमासा घोषित झाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरविण्यात आला.

पावसाळी बंदीची कथा यात सर्वांत बोलकी आहे. महाराष्ट्रात ही बंदी पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. नंतर पश्चिम किनाऱ्याला एकसमान १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले. आता १ ऑगस्टला बंदी उठते. मोठ्या इंजिनांच्या नौका लगेच बाहेर पडतात. लहान होड्यांना त्या दिवसांतील दर्या झेपत नाही. म्हणूनच बंदी पुन्हा नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, ही मागणी पारंपरिक मासेमारांच्या संघटनांनीच वेळोवेळी केली आहे. नियम सैल करा असे सांगणारे आणि नियम घट्ट करा असे सांगणारे, दोघेही स्वतःला मासेमारच म्हणवतात.

खर्चाचे गणित मात्र दोघांनाही सारखेच छळते. यांत्रिक नौकेच्या एका फेरीत सर्वांत मोठा खर्च डिझेलचा, त्यामागून बर्फ, शिधा आणि खलाशांची मजुरी. जवळचे मासे कमी झाले की नौका लांब जाते, फेरीचे दिवस वाढतात, इंधन वाढते, आणि ते इंधन वसूल करण्यासाठी आणखी मासे धरावे लागतात. राज्य सरकार सहकारी संस्थांच्या सभासदांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा देते; तो वेळेवर मिळत नाही, ही तक्रार जुनीच. मार्च २०२२ मध्ये तेल कंपन्यांनी घाऊक ग्राहकांसाठी डिझेल एकदम लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महाग केले आणि मुंबईत घाऊक दर १२२ रुपयांवर गेला. मासेमार सहकारी संस्थांचे पंप घाऊक ग्राहकांत मोडत असल्याने विचित्र स्थिती झाली: रस्त्यावरच्या पंपावर मोटारवाल्याला स्वस्त डिझेल आणि बंदरातील संस्थेच्या पंपावर मासेमाराला महाग.

असे असूनही किनाऱ्यावरचा कोळी धरणावर गेला का? नाही गेला. कारणे साधी आहेत. त्याचे कर्ज नौकेवर आहे. त्याचे ज्ञान भरती-ओहोटीचे, वाऱ्याचे, तळाच्या चिखल-खडकाचे आहे. जलाशयात त्यातील फारसे कामाला येत नाही. शिवाय जलाशयातील मासेमारीचा हक्क ठेक्याने मिळतो आणि तो सामान्यतः त्या भागातील नोंदणीकृत सहकारी संस्थेकडे असतो. किनाऱ्यावरच्या तरुणाने व्यवसाय सोडला तर तो नोकरीकडे जातो आणि नौकेवर त्याची जागा नेपाळ किंवा उत्तर प्रदेशातून आलेला खलाशी घेतो. रत्नागिरीच्या बंदरांत हे चित्र नवे नाही.

हौशी गळकऱ्याची गोष्ट वेगळी. मेक्सिकोच्या आखातात २०१७ साली अमेरिकी सरकारने हौशी गळकऱ्यांसाठी केंद्रीय हद्दीतील लाल स्नॅपर माशाचा हंगाम प्रथम अवघा तीन दिवसांचा जाहीर केला. ओरड झाल्यावर तो वाढवावा लागला. युरोपीय संघाने २०१५ साली उत्तरेकडील समुद्रात बास मासा दिवसाला माणशी तीनपर्यंत मर्यादित केला, आणि पुढच्या वर्षी ती मर्यादा आणखी खाली आणली. अशा वेळी मोटरबोटीचे इंधन, धक्क्याचे भाडे आणि दिवसाला एक मासा यांचा हिशेब मांडून एखादा गळकरी गावाजवळच्या तळ्यावर जाऊन बसतो. त्याला ते परवडते, कारण त्याची चूल माशावर पेटत नसते. हे वर्णन जसेच्या तसे उचलून कोकणाला चिकटविणे म्हणजे इतिहासाचा आळस होय.

मग महाराष्ट्रात खाऱ्याकडून गोड्याकडे नेमके काय सरकले? माणसे नव्हेत. सरकली ती धोरणे, अनुदाने, भांडवल आणि ताटातला मासा. आता आकडे पाहू.

१९५०–५१ साली भारताचे एकूण मत्स्योत्पादन सुमारे ७.५ लाख टन होते, त्यांतील ५.३ लाख टन समुद्रातून येई. २०००–०१ साली दोन्ही पारडी जवळपास समान झाली: समुद्र २८.११ लाख टन, भूजलाशयीन २८.४५ लाख टन. २०२२–२३ साली एकूण १७५ लाख टनांपैकी १३१ लाख टन भूजलाशयीन होते. पन्नास वर्षांत समतोल आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत पूर्ण उलथापालथ. महाराष्ट्र या बाबतीत अपवाद आहे. येथे आजही बहुतांश उत्पादन समुद्रातूनच येते. पण म्हणूनच वाढीला वाव कुठे, या प्रश्नावर सरकारी बोट नकाशातल्या जलाशयांवर पडते.

ही उलथापालथ शक्य झाली ती एका प्रयोगामुळे. कटला, रोहू, मृगळ हे मोठे मासे वाहत्या नदीत पुराच्या वेळी अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. त्यामुळे त्यांचे बीज गंगेच्या खोऱ्यातून गोळा करावे लागे आणि कलकत्त्याहून रेल्वेने डबे भरून दूरदूरच्या प्रांतांत धाडावे लागे. वाटेत किती जगेल, याचा भरवसा नसे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी के. एच. अलिकुन्ही यांच्यासह ओडिशात माशाच्या मस्तिष्कातील ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले. त्यानंतर मत्स्यजिरे आणि बोटुकली कुठेही तयार करता येऊ लागली. १० जुलै हा दिवस आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

मराठवाड्याच्या दृष्टीने या शोधाची वेळ अचूक होती. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. भंडारा-गोंदियासारखी शेकडो जुन्या तलावांची परंपरा येथे नव्हती. येथे मोठे पाणी आले ते धरणांनी. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर, गोदावरीवर १९७६ साली उद्घाटन झालेले जायकवाडी, पैनगंगेवर इसापूर. शेतीसाठी अडविलेल्या या पाण्यात मासे सोडता येतील, हा विचार मागून आला. गावे बुडाली, नदीचे डोह बुडाले आणि डोहांवर जगणाऱ्या भोयांसमोर एकाएकी क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी उभे राहिले. कोणता मासा कोणत्या डोहात कधी सापडतो हे त्यांना ठाऊक होते. या सागराएवढ्या पाण्याचे काय करायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

भोई म्हणजे पालखी वाहणारे, नावा चालविणारे आणि मासे धरणारे लोक. पालखीचा काळ गेला, पुलांनी नावा घालविल्या, उरले ते मासे. सहकारी संस्था काढायची, सरकारकडून जलाशय ठेक्याने घ्यायचा, दरवर्षी बोटुकली सोडायची आणि सभासदांनी मासेमारी करून हिश्शाने विकायची, ही व्यवस्था रुळली. तिच्यात दोष पुष्कळ: संस्था काही घरांच्या ताब्यात गेल्या, व्यापाऱ्याच्या उचलीने सभासद बांधले गेले, बोटुकली कागदावर अधिक आणि पाण्यात कमी पडली. तरीही पाण्यावर पहिला हक्क त्यावर जगणाऱ्याचा, हे तत्त्व त्या व्यवस्थेत कुठेतरी शिल्लक होते.

पाण्यातले मासेही बदलले. मरळ, वाम, शिंगाडा, कोळस यांच्या जागी कटला आणि रोहू आले. १९५२ साली देशात आणलेला तिलापिया, मराठीत चिलापी, न बोलावता सर्वत्र पसरला. कयाधूसारख्या नदीत तर पावसाळ्यानंतर वाहते पाणी फार काळ टिकत नाही. उन्हाळ्यात डोह आटले की नदीची मासेमारी संपते. म्हणून नरसीच्या परिसरात आज बाजाराला येणारा मासा नदीपेक्षा जलाशयाचा अधिक असतो. साइक्सला ज्या प्रकारच्या नदीत खुड्री आणि कोलस ही नावे सांगणारी माणसे भेटली, ती नदीच आता वर्षातून काही महिने उरते.

आणि येथेच किनाऱ्याचा इतिहास पठारावर येऊन पोहोचतो. १० सप्टेंबर २०२० रोजी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली; तिची व्याप्ती २०,०५० कोटी रुपयांची. जलाशयातील पिंजरा पद्धत, बायोफ्लॉक टाक्या, शेततळी, शीतसाखळी यांना तीतून अनुदान मिळते. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज आणि विमा यांच्या सवलती मत्स्यसंवर्धकाला शेतकऱ्याप्रमाणे मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. समुद्रातील उत्पादन फारसे वाढणार नाही हे मान्य झाल्यावर, वाढीचा भार गोड्या पाण्यावर टाकण्याचे हे सरळ धोरण आहे. त्यात काही गैर नाही. मासे वाढवले तर पापलेटच्या पिलांवरचा ताण कमी होईल, हा युक्तिवादही बिनबुडाचा नव्हे, जरी पापलेट खाणारा माणूस पंगॅसियसवर सहजी समाधान मानेल याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

प्रश्न पिंजऱ्याचा आहे. पिंजरा म्हणजे जलाशयात तरंगणारी जाळीची चौकट. तीत दाट संख्येने पंगॅसियस किंवा तिलापिया सोडतात आणि कारखान्यात तयार केलेल्या खाद्यावर वाढवतात. उघड्या जलाशयात भोयाला लागते ते जाळे, काहिली किंवा थर्माकोलचा तराफा, आणि पाण्याची ओळख. पिंजऱ्याला लागते खाद्य, बीज, रखवाली, नौका आणि मासा बाजारात जाईपर्यंत अडकून पडणारा पैसा. अनुदान वजा जाता उरलेला हिस्साही लहान संस्थेच्या आवाक्याबाहेरचा असू शकतो. मग संस्थेच्या नावावर दुसऱ्याचेच भांडवल येते, किंवा मोठा जलाशय जास्त बोली लावणाऱ्याकडे जातो. ठेक्याची रक्कम वाढविण्याच्या आणि मोठ्या जलाशयांसाठी निविदा काढण्याच्या प्रयत्नांना राज्यातील भूजलाशयीन मासेमारांनी विरोध केला आहे, तो याच भीतीपोटी.

१९६० च्या दशकात किनाऱ्यावर हेच घडले होते. ट्रॉलरला कर्ज मिळाले, ते ज्यांना तारण देता आले त्यांना. डोलकराला वगळण्याचा कोणाचा हेतू नव्हता. योजनेच्या अटींनी ते काम आपोआप केले. त्यानंतर किनाऱ्याजवळचे पाणी त्याच्यासाठी राखून ठेवणारा कायदा यायला वीस वर्षे आणि समुद्रातल्या मारामाऱ्या लागल्या. १९८१ च्या कायद्यात वाव खोलीची जी रेषा आहे, तशी कोणतीही रेषा जलाशयासाठी अद्याप नाही. पाण्याचा किती भाग पिंजऱ्यांना आणि किती उघड्या मासेमारीला, पिंजऱ्यातले खाद्य व विष्ठा यांचा भार कोणी मोजायचा, पिंजरा फाटून परका मासा बाहेर पडला तर भरपाई कोणाला, हे बहुतांशी ठेक्याच्या आणि मार्गदर्शक सूचनांच्या कागदावर ठरते. अशा कागदाच्या अटी प्रत्येक नव्या शासननिर्णयाबरोबर बदलू शकतात. कायद्यातील रेषा तशी बदलता येत नाही.

जलाशयाचा ठेका साधारणतः काही वर्षांचा असतो. अवर्षणाच्या वर्षी धरणातील पाणी प्रथम पिण्यासाठी राखले जाते, मग शेतीला सोडले जाते. माशांचा क्रम त्यानंतर. समुद्रात डिझेल महागले तर नाखवा निदान फेरी रद्द करू शकतो. जलाशयाचे पाणी उतरू लागले, तर जूनमध्ये सोडायच्या बोटुकलीचे पैसे भरावेत की नाही, याचा निर्णय संस्थेला मे महिन्यातच घ्यावा लागतो, आणि तेव्हा आभाळात ढगही नसतो.